बिनपुडीचे डबे

मी मुळातच भित्री आहे. कुलूप लावून जिना उतरले की गॅस बंद केला का ते बघायला परत चढते. फोन अवेळी वाजला की उचलण्याआधी ओळखीपाळखीत कोण कोण आजारी आहे याची मनातल्या मनात उजळणी होते. आईला या सगळ्याचा वैताग येतो. ती म्हणते, ज्या दिवशी तुला कसलीच भीती वाटणार नाही, त्या दिवशी तू त्यालाच घाबरशील. तेव्हा पुढे जे सांगणार आहे त्यातली थोडी भीती माझ्या स्वभावाची म्हणून वजा करायला हरकत नाही. पण सगळी करू नका.

फिल्मवाले काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी पोह्यांसाठी कांदा चिरत होते. फोन पी.टी. सरांचा होता. हे आमच्या छत्रीबागेकडच्या शाळेत मुलांना खेळ शिकवायचे. रिटायर झाल्यापासून त्यांचा मुक्काम आखाड्यातच असतो. "ताई, काकाजी गेले हो," एवढंच म्हणाले. एवढा आडदांड माणूस, फोनवर लहान मुलासारखा हुंदके देत होता. मी हातातली सुरी खाली ठेवायचीसुद्धा विसरले.

इंदूरबाहेरच्या माणसाला हे रडणं कदाचित कळायचं नाही. काका काही सिनेमातले नव्हते. राजवाड्यामागच्या एका बोळात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं-मुंजी शूट करून पोट भरायचे आणि कुस्त्यांची दंगल असली की लग्नवाल्यांना चक्क नाही म्हणायचे. त्यांच्याआधी आमच्याकडे कुणी कुस्तीची फिल्म काढलीच, तर ती लांब मचाणावर बसून काढायचं. पडद्यावर कोण वर आणि कोण खाली हे ज्याचं त्याने ठरवून घ्यायचं. काकांनी काय केलं, तर आखाड्याच्या कडेला एक खड्डा खणून घेतला, त्यात छातीपर्यंत उतरले आणि कॅमेरा मातीवर टेकवला. लोकांनी वेड्यात काढलं. एकदा दोन पैलवान थेट त्यांच्या अंगावर आले आणि खांद्याचं हाड मोडलं. पट्टा गळ्यात अडकवून पुढच्या दंगलीला पुन्हा खड्ड्यात. पण त्यांच्या फिल्ममध्ये पहिल्यांदा मातीत रुतणारे पंजे दिसले, थरथरणाऱ्या पोटऱ्या दिसल्या, हरणाऱ्याचा चेहरा जमिनीला टेकताना दिसला. आज मोबाइलवर कुस्ती टिपणारी पोरं पोटावर पालथी पडून टिपतात. हे त्यांच्याकडे कुठून आलं ते त्यांना माहीत नाही, पण आम्हाला माहीत आहे.

काकांना लिहायचा भारी कंटाळा. फिल्मच्या डब्यांवर नाव नाही, गाव नाही, साल नाही. ज्या आखाड्यात फिल्म काढली तिथली चिमूटभर माती ते कापडात बांधायचे आणि ती पुडी दोऱ्याने डब्याला अडकवायचे. प्रत्येक आखाड्याची माती वेगळी असते. कुठे हळद जास्त, कुठे ताक आणि तेल, कुठे गेरू, कुठे नुसती माळव्याची काळी. पुडी हुंगून, बोटांत चोळून ते डबा ओळखायचे. वर्षातून एकदोनदा आखाड्यात चादर बांधून फिल्मा दाखवायचे. तेव्हा जमणारे म्हातारे पैलवान, दूधवाले, बंद पडलेल्या गिरण्यांमधल्या कामगारांची मुलं, सगळे चाहते ही विद्या शिकले होते.

या डब्यांमध्ये एक डबा असा होता की त्याची पुडी काकांनी कधी कुणाला सोडू दिली नाही. तो माझ्या भावाचा होता.

माझा भाऊ माझ्याहून मोठा. कुस्तीच्या नादाने पार वेडा. शहराबाहेरच्या एका जत्रेतल्या दंगलीत तो डावातून सुटून मानेवर पडला आणि गेला. चूक कुणाची नव्हती. मी तेव्हा नववीत होते. दंगलीला बायका जात नसत, त्यामुळे आई घरीच होती. बाबा गिरणीत पाळीवर होते. त्यांना निरोप मिळून ते पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याला टेम्पोतून घरी आणला तेव्हा बाबा आधी उतरले आणि उंबऱ्यातच आईला म्हणाले, "जागच्या जागी गेला. त्याला काही कळलंसुद्धा नाही." आईने पुन्हा विचारलं. बाबांनी पुन्हा तेच सांगितलं.

त्या वाक्यावर आमचं घर उभं राहिलं, असं म्हटलं तरी चालेल. नंतर कधी त्याचा विषय निघाला की आई म्हणायची, निदान त्याला त्रास तरी झाला नाही. आणि मग हातातलं काम पुढे सुरू करायची. शेजारणींना, पाहुण्यांना, डॉक्टरांनासुद्धा ती हेच सांगायची. बाबा तिथे असले की मान हलवायचे.

हे खरं नाही हे घरात बाबांखेरीज फक्त मला माहीत होतं. काका काही दिवसांनी आमच्याकडे आले होते. आई देवळात गेली होती आणि मी स्वयंपाकघरात चहा टाकला होता. बाहेरून काकांचा दबलेला आवाज आला. "हात हलत होता त्याचा. बराच वेळ. फिल्ममध्ये आलंय ते." बाबांनी आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "ती कुणी बघता कामा नये. हिने तर कधीच नाही." काका म्हणाले, "नाही बघणार. शब्द देतो." मी चहा घेऊन बाहेर गेले तेव्हा दोघेही भिंतीकडे बघत होते. बाबा जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. काकांनी शब्द पाळला, आणि आता तेही गेले. म्हणूनच सर फोनवर रडत होते तेव्हा मीही रडले खरी, पण डोक्यात एकच आलं, तो डबा आता कुणाच्या हातात आहे.

सरांचा पुढचा फोन आला तो अभिमानाने भरलेला होता. आमच्याकडच्या आखाड्यांत रीत आहे की उस्ताद गेला की त्याच्या आखाड्याची माती छातीवर ठेवून त्याला निरोप द्यायचा. आता काका तर कुठल्याच एका आखाड्याचे नाहीत. मग कुठली माती ठेवायची यावरून तिथेच वाद जुंपला. शेवटी कुणाला तरी सुचलं. डब्यांच्या सगळ्या पुड्या सोडल्या, सगळी माती एका परातीत कालवली आणि ती काकांच्या छातीवर ठेवली.

"क्या बताऊँ ताई, पूऱ्या मालव्याची माती घेऊन गेले काकाजी," सर म्हणाले. "सगळी पब्लिक रडत होती."

"फार छान केलंत," मी म्हणाले आणि जमिनीवर बसले.

"आणि ऐका ना, रविवारी दुपारी श्रद्धांजली सभा ठेवलीये. जेवढे डबे आहेत ना, सगळे लावणार. कौन सा किसका आहे ते आता डब्यावरून तर समजणार नाही, पडद्यावर दिसेल तेव्हा समजेल. आईजींना घेऊन नक्की या, हां. त्यांच्यासाठी पुढे खुर्ची ठेवतो."

आपल्या माणसाला मान द्यायचा म्हणून आपल्याच हाताने सगळ्या खुणा पुसून टाकायच्या, हे फक्त पैलवानांनाच सुचू शकतं. मला त्यांचा राग आला आणि रागावताही येईना. दुसऱ्या दिवशी मी आखाड्यात गेले आणि सरांना एका बाजूला घेऊन सांगितलं, माझ्या भावाच्या शेवटच्या कुस्तीचा डबा यात आहे, तो काढून ठेवा, आईला दिसता कामा नये. का ते पूर्ण सांगितलं नाही. ते सांगायची गरजही पडली नाही. सरांनी कपाळावर हात मारला.

"अरे राम. हे तर डोक्यातच नाही आलं, ताई."

मग आम्ही दोघं खिडकीपाशी बसलो. सर एकेक डबा उघडायचे, पट्टीचं टोक उजेडात धरायचे आणि मी चष्मा वरखाली करत बघायची. डब्यांमधून आंबूस वास येत होता. प्रत्येक फिल्म सुरू होत होती ती सारखीच. माती, कडेला बसलेली माणसं, पाय. पुढे दोन मातीने माखलेले लंगोटवाले, त्यांचे चेहरे तांदळाच्या दाण्याएवढे. एका ठिकाणी मी म्हणाले, हाच. माझी खात्रीच होती. सरांनी पट्टी डोळ्यांजवळ नेली आणि हळूच म्हणाले, "नाही ताई, हे तर आमचे चाचाजी." मग मला आणखी दोघांत तो दिसला आणि त्यातलाही कुणी तो नव्हता. ज्याच्याशी मी रोज भांडत होते, ज्याची ताकाची लोटी चोरून पीत होते, तो माझा भाऊ मला ओळखता येईना. मला त्या वेळी स्वतःचीच भीती वाटली.

"पूर्ण उलगडून बघू या का?" मी विचारलं.

"पट्टी पार सुकलीये. एकदा मशीनवर चालेल, पण अशी हाताने खेचली तर तुटेल. काकाजींचं एवढंच तर राहिलंय." सरांनी डब्याचं झाकण लावलं. "लोक महू, देवास, कुठून कुठून येणार. कॅन्सल तर नाही करता येणार. एक काम करू. मी मशीनपाशी उभा राहतो, हात स्विचवर. तुम्ही ओळखलं की हात वर करा. मी बंद."

म्हणजे सगळं माझ्या ओळखण्यावर आलं, आणि मी नुकतीच नापास झाले होते.

सोपा उपाय होता, आईला न्यायचंच नाही. पण आईने आदल्या दिवशीच साडी काढून खुर्चीवर ठेवली होती. मी म्हटलं, तुझे गुडघे. ती म्हणाली, गुडघ्यांना काय झालंय, रिक्षा आहे ना. मी म्हटलं, पत्र्याखाली उकाडा असेल. ती म्हणाली, पंखे असतील. मी म्हटलं, जुन्या फिल्मा आहेत, काही धड दिसत नाही, उगाच डोकं दुखेल. तिने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"तू एवढी का घाबरतेस?"

मी गॅस बघायला आत गेले. रात्रभर मनाशी घोकत होते की तिला खरं सांगून टाकावं. पण बाबांनी आयुष्यभर जे सांभाळलं ते मी एका वाक्यात कसं मोडू? आणि तिचं वय ऐंशीच्या पुढे. या वयात तिला कळावं की आपलं पोर मातीत तडफडत होतं आणि आपण घरी भाकऱ्या थापत होतो? याच्यापुढे माझी अक्कल चालेना. दुपारी आम्ही रिक्षात बसलो.

आखाड्याच्या खिडक्यांना पोती लावून अंधार केला होता. एका बाजूला काकांच्या फोटोला हार, समोर पांढरी चादर, मागे सरांचं मशीन. आत पाय ठेवायला जागा नव्हती. आईला सगळ्यांनी वाट करून दिली, पाया पडले आणि पहिल्या रांगेत बसवलं. मी तिच्या शेजारची, अगदी कडेची खुर्ची धरली, म्हणजे मान वळवली की सर दिसावेत. भाषणं नकोत असं ठरलं होतं. एका म्हाताऱ्या उस्तादांनी एवढंच सांगितलं की काकाजींनी आम्हाला आमचेच पाय दाखवले, नाहीतर आम्हाला कुठे माहीत होतं आम्ही काय करतो. मग दिवे गेले आणि मशीन टर्र करू लागलं.

फिल्मांना आवाज नव्हता. आवाज लोकांनी दिला. कुणी डाव ओळखून ओरडत होतं, कुणी मेलेल्या मित्राला नावाने हाक मारत होतं. एका दूधवाल्या आजोबांना पडद्यावर काळ्या मिशीचे स्वतः दिसले. आधी ते हसत सुटले, मग गुडघ्यात डोकं घालून रडायला लागले. एरवी मलाही रडू आलं असतं. पण दर नव्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला की मी खुर्चीच्या कडेला सरकत होते. पडद्यावर पाय आले की मी त्यांच्याकडे टक लावून बघायची, चेहरा आला की श्वास धरायची, आणि तो दुसऱ्याच कुणाचा निघाला की सोडायची. असे बरेच डबे झाले. मग मनात आलं, कदाचित काकांनी तो डबा केव्हाच जाळून टाकला असेल. त्या विचाराने मला इतकं हलकं वाटलं की मी पाठ टेकून बसले.

पुढची फिल्म सुरू झाली. काळी माती, ऊन, कडेला धोतरं-पायजम्यांची गर्दी. डावीकडून दोन पाय आले. मला त्यात काही वेगळं दिसलं नाही.

"आला बघ," आई म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. ती पुढे झुकली होती. पडद्यावर अजून चेहरा आलाच नव्हता, फक्त पावलं होती, आणि त्यातलं एक जरा बाहेर वळलेलं. मी हात वर केला. उठून उभीच राहिले. सरांनी खटका दाबला आणि सगळीकडे अंधार झाला. मागून कुजबुज सुरू झाली.

"का बंद केलं?" आईचा आवाज अंधारात चांगला मोठा आला. "लावा."

मी तिच्या कानाशी वाकले. "आई, नको. ती शेवटची आहे."

"मला कळतंय कोणती आहे." तिने माझा हात धरून मला खाली बसवलं. तिच्या हातात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. "सर, लावा तुम्ही."

सर माझ्याकडे बघत थांबले. अंधारात मला फक्त त्यांचा आकार दिसत होता. मी नाही म्हणायला हवं होतं, पण मी पडद्याकडे वळले. मशीन पुन्हा सुरू झालं.

कुस्ती फार वेळ चालली नाही. तो हसत सलामीला आला, मातीची चिमूट कपाळाला लावली, मग हातांची खडाखडी झाली आणि दोघं एकमेकांत अडकले. मग तो उचलला गेला आणि खाली आला. कॅमेरा जमिनीवर असल्यामुळे तो जवळजवळ आमच्यावरच पडला. आखाड्यातला सगळा आवाज थांबला. पडद्यावर त्याची पाठ होती, एक खांदा आणि आमच्या बाजूचा हात. मान पलीकडे वळलेली होती. पाठीमागून पुष्कळ पाय धावत आले.

आणि मग कॅमेऱ्याच्या अगदी पुढून कुणीतरी वर चढलं. गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, कॅनव्हासचे बूट. खड्ड्यातून बाहेर पडून तो माणूस पळत गेला, लोकांना दोन्ही हातांनी मागे सारलं आणि मातीत बसला. "काकाजी," मागून कुणीतरी म्हणालं. आयुष्यभर फिल्मा काढल्या पण काका स्वतः कुठल्याच फिल्ममध्ये नव्हते. माणसं एकेक करून उभी राहिली. हात जोडले गेले. सर मशीनवर वाकून रडत होते.

मला त्या वेळी काकांचं भान नव्हतं. मी त्या आमच्या बाजूच्या हाताकडे बघत होते. तो हलत होता. बोटं माती ओढत होती, आवळत होती, सोडत होती, पुन्हा ओढत होती. पलीकडचा हात काकांनी आपल्या दोन्ही हातांत धरला होता आणि ते वाकून त्याच्याशी काहीतरी बोलत होते. कॅमेरा तसाच एकटा चालू राहिला होता. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी मला पडद्याकडे बघवेना आणि आईकडेही बघवेना. बाबांचं वाक्य तिच्या डोळ्यांसमोर खोटं ठरत होतं आणि मी शेजारी नुसती बसले होते.

रीळ संपलं. चादर पांढरी झाली. तिच्या उजेडात आईचा चेहरा दिसला. ती रडत नव्हती.

"आई," मी म्हणाले, "बाबांनी तुला त्रास होऊ नये म्हणून..."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "त्यांना वाटायचं मला माहीत नाही. मी वाटू दिलं."

मागे लोक अजून उभेच होते. आईने चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"त्याला आंघोळ घालण्याआधी हात मी धुतले होते त्याचे. एक मूठ घट्ट मिटलेली. बोटं एकेक करून उघडली तर आत माती. जागच्या जागी गेलेला माणूस मूठ भरतो का कधी?" मग आपला दुसरा हात उलटा करून तिने तळव्याकडे बघितलं. "हा उघडा होता. बोटं नुसती वळलेली, आत्ताच काहीतरी सुटून गेल्यासारखी. इतकी वर्षं मला तेवढंच कळत नव्हतं, की या हातात काय होतं."